फोडणीची वाटी

समोरच्या गच्चीवर मिरच्या वाळत पडल्या की लोकांना शिंका येतात, मला राग येतो. या वयात मिरच्यांवर रागावणं शोभत नाही, हे कळतं. पण होळी उलटते, ऊन डोळे वटारायला लागतं, मनीषनगरच्या आमच्या गल्लीत कोणीतरी भिवापुरी मिरच्यांचं पोतं ऑटोतून उतरवतं, आणि माझं डोकं सकाळपासूनच फिरलेलं असतं. बायका सावलीत फतकल मारून देठं खुडतात, कोणाच्या सुनेचं काय आणि कोणाच्या गुडघ्यांचं काय ते बोलतात. मला गॅलरीत पाहून हाक मारतात, या ना काकू, बसा. मी काम असल्याचं सांगते. काम कसलं डोंबलाचं. वरणभाताचा कुकर लावायचा आणि एकटीनं जेवायचं.

पूर्वी हा मोसम आमचा होता. आमचा म्हणजे माझा आणि माझ्या जावेचा. मी त्यांना बाई म्हणायची. थोरल्या दिरांची बायको, माझ्याहून काही वर्षांनी मोठी, अंगानं किरकोळ, आवाजानं दांडगी. मी लग्न होऊन नागपूरच्या महाल भागातल्या त्या दोन खोल्यांच्या घरात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बजावलं होतं की भांडायचं असलं तर सकाळी भांडत जा, संध्याकाळी माणसं दमून घरी येतात. मग आम्ही सकाळी भांडायचो. 'जाऊ' हा शब्द ज्यानं केला तो खट्याळच असला पाहिजे. दोन बायका परक्या घरी येतात, एकमेकींना जाऊ म्हणतात, आणि मरेपर्यंत कुठंही जात नाहीत.

मी एका कचेरीत टायपिस्ट होते. पराग झाला, रजा संपली, आणि त्याला बाईंच्या मांडीवर टाकून मी कामावर रुजू झाले. त्यांचा सुधीर तेव्हा शाळेत जायला लागला होता, त्यामुळे मांडी रिकामीच होती, असं त्या म्हणायच्या. परागनं पहिला घास त्यांच्या हातचा खाल्ला आणि पहिला मारही त्यांच्याच हातचा. तो त्यांना मोठी आई म्हणायचा. आमच्याकडे थोरल्या काकूला तसं म्हणतातच, त्यात विशेष काही नाही. काही घरांत तो नुसता शब्द असतो. आमच्याकडे तो खरा होता, इतका की कधीकधी मला त्याचा हेवा वाटायचा.

पुढे आम्ही मनीषनगरला फ्लॅट घेतला, चुली वेगळ्या झाल्या, पण वर्षाचं तिखट एकत्रच राहिलं. मिरची घ्यायला मी महालात जायची. दुकानात बाई मूठभर मिरच्या उचलून कानाशी न्यायच्या आणि खुळखुळवायच्या. आतलं बी वाजलं पाहिजे. मग एक मोडून जिभेला लावायच्या, चेहऱ्यावरची रेषही न हलवता दुकानदाराला विचारायच्या, "हे मिरची आहे का गाजर गा?" तो बिचारा दुसरं पोतं उघडायचा. देठं खुडताना हाताला तेल लावायचं, तो हात चुकूनही डोळ्याला लावायचा नाही, हे त्या मला दरवर्षी नव्यानं सांगायच्या आणि दरवर्षी स्वतःच डोळा चोळून नळाखाली धावायच्या. कांडपाच्या दुकानात तोंडाला ओढणी गुंडाळून आम्ही दोघी दरोडेखोरांसारख्या बसून राहायचो. घरी येताना डबे गरम असत. ताज्या तिखटाची ती ऊब मांडीवर घेऊन मी कितीदा सिटीबसनं परत आले आहे.

त्या नव्या तिखटाचा पहिला मान वडाभाताचा. नागपूरबाहेरच्यांना हा प्रकार समजावून सांगताना मी नेहमी हरते. चार-पाच डाळी भिजवायच्या, जाडसर वाटायच्या, तिखट-मीठ घालून वडे तळायचे, ते गरम भातावर कुस्करायचे. इथपर्यंत कोणालाही समजतं. पण वडाभात म्हणजे वडा नव्हे आणि भातही नव्हे. वडाभात म्हणजे शेजारी येणारी फोडणीची वाटी. भरपूर तेल, मोहरी, हिंग, लाल मिरच्या, आणि ते तेल तडतडत पानापर्यंत यायला हवं. भातावर पडताना त्यानं आवाज केला नाही तर बाई वाटी परत पाठवायच्या. पराग बोटभर होता तेव्हापासून तीन चमचे घ्यायचा. दोन घातले तर पानावरून उठत नसे. बाई त्याला तिसरा चमचा घालून माझ्याकडे बघायच्या, म्हणजे मी तेलाबद्दल काही बोलू नये.

ज्या वर्षाबद्दल मी बोलते आहे त्या वर्षी हा मोसम मी चुकवला. परागनं जर्मनीत घर घेतलं होतं, आणि आई आल्याशिवाय घरात पाहुण्यांना पहिलं जेवण घालायचं नाही असा त्याचा हट्ट होता. तेव्हा मला या हट्टाचं फार कौतुक वाटलं. महालात निरोप घ्यायला गेले, मिरच्यांचा विषय काढला, तर बाईंनी हातानंच उडवून लावला. "जाय वं बिनघोर. तुह्यं तिखट मी करून ठेवीन." बरोबर न्यायला त्यांनी मला भिजवायच्या डाळी मापून बांधून दिल्या, हिंगाची डबी दिली, आणि गेल्या वर्षीच्या तिखटातलं तळाचं तिखट दिलं. तळाचं तिखट जास्त जहाल असतं असा त्यांचा सिद्धांत होता. दारात उभं राहून म्हणाल्या, पोराला वडाभात खाऊ घाल, तिकडे पाव खाऊन त्याचं तोंड पांढरं पडलं असेल.

तिकडे वसंत होता म्हणे. झाडांना पानांच्या आधी फुलं आली होती, ऊन ट्यूबलाइटसारखं, नुसतं दिसायचं. मी दोन स्वेटर घालून खिडकीत बसायची आणि नागपुरात आता कूलर काढले असतील असा विचार करायची. सून केतकी नाशिकची, गोड मुलगी. नात ईरा माझ्या बोलण्यातल्या 'मले-तुले'वर खुदुखुदु हसायची. चार दिवसांत तीच तिच्या बापाला 'का'च्या जागी 'काहून' विचारायला लागली. मला बरं वाटलं.

जेवण शनिवारी ठरलं. केतकीचा भाऊ दुसऱ्या गावाहून बायको-मुलांना घेऊन गाडीनं येणार होता. तिकडे रविवारी दुकानांना टाळं, त्यामुळे शनिवारी सकाळी बाजार उरकायचा, संध्याकाळी जेवायचं. मी आदल्या रात्रीच डाळी भिजवल्या होत्या. सकाळी उठून पाहिलं तर पराग स्वयंपाकघरात उभा, हातात फोन, समोर कॉफी गार झालेली. मी विचारलं तर म्हणाला, ऑफिसचं काहीतरी. मग म्हणाला, चल, तुझ्याबरोबर मीच येतो. एरवी त्याला बाजाराचा कंटाळा. मला वाटलं, नव्या घराचा उत्साह आहे.

ते दुकान म्हणजे आपल्याकडचं लग्नाचं मंगल कार्यालय होईल एवढं. सामान ढकलायची गाडी साखळीनं बांधलेली, नाणं घातल्याशिवाय सुटत नाही. भाज्या एकमेकींना न शिवता बसलेल्या. ढोबळ्या मिरच्यांचे तीन रंग ओळीनं मांडलेले. लाल पुडीची एक बाटली उचलून मी खूश झाले, तर पराग म्हणाला, ती गोड मिरचीची आहे. गोड मिरची. मी ती बाटली अशी ठेवली की जणू तिनं मला शिवी दिली. एरवी यावर पराग पोट धरून हसला असता. त्या दिवशी तो फक्त म्हणाला, "तुले जे पायजे ते घे आई." तेल घेतलं, महागातलं घेतलं, तरी बोलला नाही. दह्याचे दोन डबे पुरतील म्हणाले तर त्यानं चार टाकले. पोरगं किती उदार झालं, असं मला वाटत होतं.

कोथिंबीर तिथं नव्हती, म्हणून पलीकडच्या गल्लीत तुर्की माणसाच्या दुकानात गेलो. आम्ही नागपूरकडची माणसं कोथिंबिरीला सांबार म्हणतो. तिथं सांबाराच्या जुड्या अशा होत्या की डोळे निवले. आपल्या बुधवार बाजारातल्यापेक्षा दुप्पट, मुळांसकट, ओल्या. शेजारी टोपलीत बारीक लाल मिरच्या. मी एक मोडली, जिभेला लावली. डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, हे बाईंना सांगितलंच पाहिजे. निरोप बोलून पाठवायला मी फोन काढला. पराग म्हणाला, घरी जाऊन पाठव ना. मी म्हटलं, आत्ताच, दुपारची वेळ आहे तिकडे, झोपल्या की मग संध्याकाळपर्यंत ऐकत नाहीत. तो पुन्हा म्हणाला, नंतर पाठव. मी ऐकलं नाही. बटण दाबून मोठ्यानं बोलले, कारण बाईंना कमी ऐकू यायचं.

"काय करून राहिल्या बाई? झोपल्या काय? इथं एक मिरची भेटली, गाजर नाही, खरी मिरची. माह्यं तिखट कांडून झालं का नाही? का नुसत्याच लोळून राहिल्या?"

तुर्की दुकानदार माझ्याकडे बघून हसला. मी परागला म्हटलं, मिरच्यांचा फोटोही काढ, पाठव मोठ्या आईला. त्यानं काढला. फोन नीट धरला, दोनदा काढला, मला दाखवला. मग तो ऑलिव्हच्या बरण्यांकडे तोंड करून उभा राहिला, आणि मी सांबाराच्या जुड्या निवडत राहिले.

त्या संध्याकाळचा स्वयंपाक माझ्या आयुष्यातला उत्तम स्वयंपाक होता, याची मला आजही चीड येते. मिक्सर डाळीचा पार लगदा करायचा, म्हणून मी तो थांबत थांबत चालवला आणि वाटण हवं तसं जाडसर उतरलं. वड्यांना खमंग रंग आला. कढी फुटली नाही; तिला वेगळी फोडणी दिली नव्हती, वाटीतलीच पुरणार होती. भात मोकळा झाला, परक्या तांदळाचा असूनही. मी गुणगुणत होते. काय गुणगुणत होते ते मी आता आठवणार नाही. शेवटी मोठ्या पळीत तेल तापवलं, मोहरी टाकली, बाईंनी दिलेला हिंग टाकला, त्या तुर्की मिरच्या टाकल्या, आणि ते नवं घर पहिल्यांदा तडतडलं. केतकीचा भाऊ दिवाणखान्यातून ठसकत ठसकत आला आणि म्हणाला, आता हे घर झालं.

जेवायला बसलो. मी फोडणीची वाटी आधी परागपुढे नेली. चमचा भरला, त्याच्या भातावर धरला. त्यानं हात आडवा घातला.

"नको आई. आज कोरडाच बरा."

मला हसू आलं. सगळ्यांसमोर मी त्याची फिरकी घेतली. म्हटलं, पहा, जर्मनीत येऊन माझा वाघ तेलाला भ्यायला लागला, मोठ्या आईला सांगू दे, ती उद्याच्या विमानानं येऊन तिसरा चमचा घालेल. सगळे हसले. केतकी हसली नाही, ती ईराच्या पानात कढी वाढत होती. मी स्वतःच्या भातावर तेल घेतलं. त्याचा आवाज झाला. मी पोटभर जेवले, वर आणखी भात घेतला, पुन्हा फोडणी घेतली. पराग कोरडा भात कढीच्या घोटानं गिळत होता. वडाभात कोणी असा गिळतं का, एवढा एक विचार मनात येऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्यांची गाडी कोपऱ्यावरून वळली, आणि पराग म्हणाला, "आई, बस जरा."

बाई आदल्या दिवशी पहाटे गेल्या होत्या. झोपेतच. सुधीरनं लगेच फोन केला होता, म्हणजे परागची कॉफी गार होत होती तेव्हा त्याला सगळं माहीत होतं. दुपारनंतर त्यांना नेलंही. हे तो मला सांगत होता आणि माझी नजर ओट्यावर उपड्या घातलेल्या कढईवर होती. ती मी रात्री किती निगुतीनं घासली होती. मी विचारलं, मला काल का नाही सांगितलं. तो रडायला लागला. "तुले सांगून काय झालं असतं आई? तू पोचली नसती. सगळे इतक्या लांबून आले होते. एक दिवस तरी तू खुशीत राहायला पायजे, असं वाटलं."

माझी खुशी. किती सोयीची होती ती सगळ्यांना. सुनेला दोष देणं सोपं आहे, सासवांना ते आयतंच हाताशी असतं. पण केतकीनं बाईंना दोन-तीनदा पाहिलं होतं. तिच्यासाठी त्या नवऱ्याची काकू होत्या, आणि काकू गेल्याचं दु:ख तिच्या लेखी असायला हवं तेवढंच होतं. ती मला बिलगून बसली, चहा करून आणला, टोस्ट पुढे केला. तिचं काही चुकलं नाही. ज्यानं त्या बाईच्या मांडीवर आयुष्यातली पहिली पाच वर्षं काढली, माझं भांडण त्याच्याशी आहे.

तो टोस्ट हातात घेऊन बसले तेव्हा मला कडू घास आठवला. आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की त्या घरी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे, सोयरेधायरे पिठलं-भाकर करून आणतात, आणि नको नको म्हणणाऱ्या माणसांना जवळ बसून घास भरवतात. परागचे बाबा गेले तेव्हा पराग कॉलेजात होता. मी भिंतीला टेकून बसले होते. शेजारणीनं आणलेल्या भाकरीचा तुकडा बाईंनी पिठल्यात बुडवला आणि माझ्या तोंडाशी धरला. मी तोंड फिरवलं. त्यांनी हनुवटी धरून तोंड वळवलं. "कडू घास आहे वं. चावू नको, गिळ." मी गिळला. परागनंही गिळला, त्यांच्याच हातानं.

बाईंचा कडू घास मला कोणी भरवला नाही. त्या नव्या घरी शेजारी कोण राहतं हे परागलाच माहीत नव्हतं. दुपारी केतकीनं फ्रिजमधून कालचे वडे काढले, अन्न वाया जाऊ नये म्हणून, आणि गरम करून टेबलावर ठेवले. मी त्यांच्याकडे पाहत बसले.

आणि दोन-तीन दिवसांनी, ईराच्या शाळेबाहेर तिची वाट बघत उभी असताना, अचानक मला ती वाटी आठवली. परागचा आडवा हात आठवला.

त्याच्या बाबांच्या सुतकात तो चार दिवसांतच फिक्या वरणभाताला कंटाळला होता. पोरच ते. बाईंना म्हणाला, मोठी आई, थोडीशी फोडणी तरी दे वरून. बाईंनी त्याला रागावलं नाही. जवळ बसवून सांगितलं, "सुतकात फोडणी नसते राजा. आपलं माणूस गेलं की घरात तेल तडतडू देत नाहीत. त्याले वाटते, मी गेलो अन् हे मजेत आहेत." त्यानं पुन्हा मागितली नाही. तेरवीपर्यंत कोरडा भात खाल्ला.

मी काही सोवळ्यातली बाई नाही. एकादशीला कांदेपोहे खाल्लेत, देवाला दोन-दोन दिवस पाणी घालायचं विसरले आहे. सुतक पाळून मेलेलं माणूस परत येत नाही हे मला कोणी शिकवायला नको. पण त्या शाळेबाहेर, त्या थंड उन्हात, मी तिथल्याच पायरीवर बसले. परागला सगळं आठवत होतं. बाईंनी शिकवलेलं त्याच्या हाडात होतं. म्हणून त्यानं हात आडवा घातला, म्हणून कोरडा भात कढीनं गिळला. आपल्या मोठ्या आईचं सुतक त्यानं माझ्या शेजारी बसून, माझ्या देखत, गुपचूप पाळलं. आणि माझं मोडू दिलं. मी तेल तापवत होते तेव्हा गप्प राहिला. मी दुसऱ्यांदा फोडणी घेतली तेव्हा गप्प राहिला. मी बाईंच्या नावानं थट्टा करत होते तेव्हाही. त्या दु:खाचा शुद्ध भाग त्यानं स्वतःसाठी ठेवला आणि उष्टा मला वाढला.

हे मी त्याला बोलून दाखवलं नाही. विचारीन विचारीन म्हणत परतीचं विमान आलं.

परत आले तेव्हा उन्हाळा सरत आला होता. तेरवी केव्हाच झाली होती. मी महालात गेले. भिंतीवर बाईंचा फोटो, त्यात त्या कधी नव्हत्या इतक्या शांत. सुधीरची बायको पाणी देऊन समोर बसली, पण नेहमीसारखी बोलेना. मग सुधीरनंच विषय काढला. त्या दिवशी दुपारी घर माणसांनी भरलं होतं. बाईंना खाली निजवलं होतं, न्यायची तयारी चालू होती. त्यांचा फोन उशापाशीच राहिला होता, तो वाजला. कोणाच्या तरी पोरीनं उचलला आणि बटण दाबलं. सगळ्या खोलीला माझा आवाज ऐकू गेला. झोपल्या काय, का नुसत्याच लोळून राहिल्या.

सुधीरनं फक्त एवढंच विचारलं, "काकू, मी तर पहाटेच परागले फोन केला होता. त्यानं तुमाले सांगितलं नव्हतं काय?"

मी म्हटलं, सांगितलं होतं रे, लगेच सांगितलं होतं. तो निरोप आदल्या दिवशीचा होता, तिकडे रेंज नसते, उशिरा पोचला असेल. बाईंच्या घरात, बाईंच्या फोटोसमोर बसून मी हे धडधडीत बोलले. पोराची लाज झाकायला दुसरं कापड जवळ नव्हतं. सुधीरनं मान हलवली. त्याच्या बायकोचा चेहरा तसाच राहिला, अजूनही तसाच असतो. त्या घरात पूर्वी मी चपला काढायच्या आधीच माझ्या नावाचा चहा टाकला जायचा. आता विचारतात, चहा घेणार का. निघताना सुधीरनं आतून डबा आणून दिला. बाईंनी माझं तिखट करून ठेवलं होतं.

ते तिखट मला वर्षभर पुरलं. चिमटीचिमटीनं वापरलं तरी संपलंच, तिखटच ते. मधे एकदा परागचा फोन आला, मोठ्या आईच्या हातच्या तिखटातलं थोडं पाठवशील का, कोणी येणारं असलं तर. येणारं माणूस होतं. मी नाही पाठवलं. म्हटलं, संपलं. अर्धा डबा समोर होता. मला त्याचं वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. 'चावू नको, गिळ' असं बाई म्हणाल्या होत्या. पण तो घास त्या भरवत होत्या तेव्हाची गोष्ट वेगळी. हा मी अजून चावते आहे.

गेल्या आठवड्यात पराग आला, एकटाच, दहा-पंधरा दिवसांसाठी. गल्लीत मिरच्या पडलेल्या बघून खिडकीतूनच म्हणाला, काय वास आहे आई, जीव परत आला. कपाळाजवळ केस पांढरे व्हायला लागलेत त्याचे. पहिल्या दिवशी महालात जाऊन आला, सुधीरच्या गळ्यात पडून रडला, सुधीरची बायकोही रडली म्हणे. त्या दुपारी तिथं माझा आवाज कसा ऐकू आला होता ते त्याला कोणी सांगितलं नाही, मीही सांगितलेलं नाही. परत आल्यावर लहान पोरासारखा ओट्याला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "वडाभात कर ना वं आई. किती वर्षं झाली."

मी केला. डाळी भिजवल्या, दुसऱ्या दिवशी सकाळी वाटल्या. तिखट बाजारचं होतं, गाजरच म्हणा ना. वडे चांगले झाले. पळीत तेल तापवलं, मोहरी तडतडली, हिंगाचा वास जिन्यापर्यंत गेला. दोन ताटं समोरासमोर घेतली आणि वाटी त्याच्यापुढे सरकवली. त्यानं एक चमचा घातला, दुसरा घातला. तिसरा घालताना माझ्याकडे पाहून हसला, अगदी बाईंकडे पाहून हसायचा तसा. तेलाचा आवाज झाला. मग त्यानं चमचा पुन्हा भरला आणि माझ्या भातावर धरला.

मी हात आडवा घातला.

"नको," मी म्हटलं. "आज कोरडाच बरा."

चमचा तसाच राहिला. तेलाचा एक थेंब ताटाच्या काठावर पडला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या आडव्या हाताकडे, आणि सगळं कळल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो ते मला दिसलं. तो 'आई' म्हणाला, पुढे काही म्हणणार होता. मी त्याच्या ताटाकडे बोट दाखवलं. तीन चमचे फोडणी भातात हळूहळू जिरत होती.

"जेव," मी म्हटलं. "थंडा होऊन राहिला भात."